मॉडेल गाडीवरची अक्षरं: डिकल घरी कसं छापायचं, कसं बसवायचं

प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. आता तिचं छोटं मॉडेल करायचं ठरवलं, तर पद्मिनी जिच्यावरून बनली त्या फियाट ११०० चं मॉडेल शोधून मिळतं आणि काळा-पिवळा रंगही देता येतो. गाडी अडते ती अक्षरांपाशी. पिवळी नंबर प्लेट, मागच्या काचेवरचं रेडियमचं ‘आईचा आशीर्वाद’, बंपरवरची ओळ हे सगळं नेमकं आपल्याला हवं तसं तयार मिळणं अवघड. हाताने रंगवायचं म्हटलं तर अक्षराची उंची जेमतेम दीड मिलिमीटर. अशा कामासाठी वॉटरस्लाइड डिकल लागतं, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत गाडीवर बसवायचं चित्र.

साधा स्टिकर का चालत नाही? कारण जाडी. विनाइल स्टिकर साधारण ०.१ मिमी जाड असतो. १:४३ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याच्या, मॉडेलवर तो लावणं म्हणजे खऱ्या गाडीवर ४.३ मिमी जाडीचा पत्रा चिकटवणं. डिकलची फिल्म याच्या कितीतरी पट पातळ असते, आणि वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर, दिला की तिची कड जवळजवळ नाहीशी होते. या कामाचं ध्येय एका वाक्यात सांगता येतं: छापलेलं दिसावं, फिल्म दिसू नये. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

डिकलच्या पोटात काय असतं

सर्वांत खाली जाड शोषक कागद. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर. डिंकावर पारदर्शक किंवा पांढरी फिल्म, आणि फिल्मवर आपण छापलेली शाई किंवा टोनर (लेझर प्रिंटरची रंगीत पूड). डिकल भिजवलं की पाणी कागदातून वर चढतं, डिंक सुटतो आणि फिल्म मोकळी होऊन सरकू लागते. फिल्मच्या पोटाला थोडा डिंक उरतो आणि तोच तिला गाडीवर धरून ठेवतो. म्हणूनच डिकल पाण्याच्या वाटीत तरंगत ठेवणं चुकीचं आहे. सगळा डिंक वाटीत उतरतो आणि बसवलेलं डिकल वाळल्यावर काठांनी उचकटतं.

कागद आणि प्रिंटर

डिकल पेपर इंकजेटसाठी वेगळा असतो, लेझरसाठी वेगळा. यात गफलत झाली तर नुकसान मोठं. लेझर प्रिंटरमध्ये टोनर वितळवणारा रोलर सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. इंकजेटच्या कागदावरचा थर त्या उष्णतेत वितळून रोलरला चिकटू शकतो. झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून घेणार असाल, तर पाकिटावर ‘लेझर’ लिहिलेलं आहे हे दुकानदाराला दाखवा, कागद एकेक करून हाताने भरायच्या ट्रेमधून घालायला सांगा आणि सेटिंग जाड कागदाचं ठेवायला सांगा. पातळ कागदाच्या सेटिंगवर टोनर नीट वितळत नाही आणि नखाने खरवडला की निघून येतो.

इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, त्यामुळे छापल्यावर तिच्यावर क्लिअर लॅकरचं कवच चढवणं अटळ आहे. टोनर म्हणजे प्लॅस्टिकच. तो पाण्याला घाबरत नाही, तरी हाताळताना ओरखडे पडू नयेत म्हणून त्यालाही एक हलका हात द्यावा. छायाचित्रासारख्या बारीक रंगछटा इंकजेटवर चांगल्या उतरतात. ठसठशीत अक्षरं आणि नंबर प्लेट यांसाठी आमचा कौल लेझरला.

पांढऱ्याचा प्रश्न

नवशिक्यांची सर्वांत मोठी निराशा इथे होते. घरगुती किंवा ऑफिसमधल्या प्रिंटरमध्ये निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा असे चारच रंग असतात. पांढरा नसतो. स्क्रीनवर जिथे पांढरं दिसतं तिथे प्रिंटर काहीच छापत नाही, खालचा कागदच पांढरा दिसतो. शिवाय हे रंग अपारदर्शक नाहीत. ते प्रकाश गाळतात. प्रकाश शाईतून खाली जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो आणि मग आपल्याला पिवळा दिसतो. खाली काळी बॉडी असेल तर प्रकाश परत येतच नाही. पारदर्शक कागदावर छापलेला सुंदर पिवळा पट्टा काळ्या टॅक्सीवर ठेवला की मळकट सावलीसारखा उरतो.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्हींची जागा वेगळी.

पहिला उपाय पांढऱ्या फिल्मचा डिकल पेपर. नंबर प्लेट, गोलातला रेसिंग नंबर, चौकोनी लोगो अशा सरळ कडांच्या आकारांना तो उत्तम. आकार अगदी काठावर कापायचा. छापताना रंग काठापलीकडे अर्धा मिलिमीटर पसरलेला ठेवा, म्हणजे कटर किंचित सरकला तरी पांढरी रेघ राहत नाही. फिल्मची कापलेली कड मात्र पांढरीच असते. डिकल बसून वाळलं की त्या कडेवरून त्याच रंगाचा बारीक ब्रश फिरवावा. इंकजेटवर छापलं असेल तर आणखी एक अडचण येते. काठावर शाई उघडी पडते आणि तिथून पाण्यात रंग सुटतो. कापल्यावर कडेला ब्रशने क्लिअर लावून वाळवलं की तो थांबतो.

दुसरा उपाय खालची जागा आधी पांढरी रंगवण्याचा. मास्किंग टेप लावून बॉडीवर पांढरा आकार मारायचा आणि त्यावर पारदर्शक डिकल बसवायचं. रेसिंग गाडीच्या रुंद पट्ट्यांना हे छान जमतं.

तिसरा उपाय दोन थरांचा. कोऱ्या पांढऱ्या डिकल पेपरमधून तोच आकार चारही बाजूंनी सुमारे ०.२ मिमी लहान कापून आधी बसवायचा, एक दिवस वाळू द्यायचा, मग त्यावर छापलेलं पारदर्शक डिकल ठेवायचं. पांढरा लहान असल्यामुळे कुठून डोकावत नाही. हात स्थिर हवा, पण वेड्यावाकड्या आकारांना घरच्या घरी दुसरा चांगला मार्ग नाही.

मागच्या काचेवरची सुटी पांढरी किंवा पिवळी अक्षरं यातल्या कशानेही नीट होत नाहीत. जपानच्या आल्प्स कंपनीचे एमडी मालिकेतले प्रिंटर रिबनवरून पांढरा आणि धातूसारखा रंगही छापत. त्यांचं उत्पादन थांबून बराच काळ लोटला, तरी जुनी यंत्रं मॉडेलवाले अजून जपून वापरतात. आज पांढऱ्या टोनरचे लेझर प्रिंटर आहेत, ओकी कंपनीचे त्यात प्रसिद्ध. असं यंत्र असलेल्या छपाईवाल्याकडून एक पान काढून घेणं हा सुट्या अक्षरांसाठी सरळ रस्ता. सोनेरी-चंदेरी रंगाचंही तेच. साध्या प्रिंटरवर चंदेरी म्हणजे राखाडी आणि सोनेरी म्हणजे मोहरीचा रंग.

माप आणि अक्षरं

खोक्यावर लिहिलेल्या स्केलवर विसंबू नका. स्वस्त डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेल्या) गाड्या बऱ्याचदा पाकिटात मावतील अशा मापाने बनवलेल्या असतात. व्हीलबेस मोजा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर. पद्मिनीचा खरा व्हीलबेस २३४० मिमी. १:४३ च्या मॉडेलवर तो ५४.४ मिमी भरायला हवा. व्हर्नियर कॅलिपरने ५२ मिमी भरला, तर तुमचं मॉडेल खरं १:४५ आहे. डिकलची सगळी मापं त्याच आकड्याने भागायची.

आता नंबर प्लेट. मोटारींसाठी प्लेटची दोन मापं नियमात आहेत: लांबट ५०० × १२० मिमी आणि दोन ओळींची ३४० × २०० मिमी. १:४३ ला ती अनुक्रमे ११.६ × २.८ आणि ७.९ × ४.७ मिमी होतात. प्लेटवरच्या अक्षरांची उंची ६५ मिमी आणि रेघेची जाडी १० मिमी. १:४३ ला म्हणजे १.५ मिमी उंची आणि ०.२३ मिमी रेघ. प्रिंटर ६०० डीपीआयचा (इंचाला ६०० ठिपके) असेल तर एक ठिपका ०.०४२ मिमीचा, म्हणजे रेघेच्या वाट्याला साडेपाच ठिपके येतात. अक्षर स्वच्छ उठतं. तेच १:६४ ला, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या गाडीवर, उंची एक मिलिमीटर आणि रेघ पावणेचार ठिपक्यांची. वाचता येतं, पण कडा फुटू लागतात. ०.१ मिमीपेक्षा बारीक रेघ कोणत्याही घरगुती प्रिंटरवर अखंड येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

देवनागरीला जागा जास्त लागते. ‘आशीर्वाद’ या शब्दात शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार एकमेकांना खेटून उभे. खऱ्या काचेवर शंभर मिलिमीटर उंचीचा शब्द १:४३ ला २.३ मिमी होतो. वरच्या मात्रांची जागा वजा केली की मूळ अक्षराला दीडच्या आसपास उरतात, आणि रफाराची पोकळी शाईने भरून जाते. म्हणून ठळक फॉन्ट टाळावा, अक्षरांमध्ये नेहमीपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवावं आणि शब्द प्रमाणापेक्षा दहा टक्के मोठा केला तरी हरकत नाही. डोळ्याला मापातला हा फरक कळत नाही, बुजलेलं अक्षर मात्र लगेच कळतं.

चित्र इंकस्केपसारख्या मोफत व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये काढा, म्हणजे लहान-मोठं करताना कडा फाटत नाहीत. फाईल दुकानात नेण्याआधी सगळा मजकूर पाथमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेषाकृतींमध्ये, बदलून घ्या. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या ठिकाणी जातात आणि महाग कागद वाया जातो. गाडीच्या दोन्ही बाजूंना तिरपे पट्टे असतील तर उजव्या बाजूसाठी पट्टे आरशातल्यासारखे उलटे हवेत, पण त्यांवरची अक्षरं सुलटीच. पट्टा आणि अक्षरं एकत्र धरून उलटवली की हमखास घोटाळा होतो.

आधी साध्या कागदावर छापा. ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद, माप शंभर टक्के. पानाच्या कडेला बरोबर १०० मिमीची एक रेघ ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. ९७ भरली तर प्रिंटरने सगळंच आकसवलं आहे. हे कागदी तुकडे कापून गाडीवर ठेवून पाहा. दाराची खाच, हँडल, चाकाची कमान कुठे आडवी येते ते इथेच कळतं. मग डिकल पेपरवर प्रत्येक चित्राच्या निदान तीन प्रती छापा. एखादी प्रत फाटतेच.

छपाई आणि क्लिअर कोट

छापण्याआधी कागदाच्या चकचकीत बाजूला बोट लावू नका. बोटाच्या तेलावर शाई धरत नाही. इंकजेटवर ‘सर्वोत्तम फोटो’ हे सेटिंग मोहात पाडतं, पण त्यात शाई इतकी पडते की फिल्मवर तिचे थेंब जमतात. एक पायरी खाली ठेवा. छापलेलं पान सपाट ठेवून काही तास, पावसाळ्यात रात्रभर, वाळू द्या.

क्लिअर ॲक्रिलिक लॅकरचा डबा २५ ते ३० सेंटीमीटरवर धरायचा. पहिला हात अगदी धुक्यासारखा, पान ओलं दिसता कामा नये. पहिलाच हात भरून मारला तर लॅकरमधलं सॉल्व्हंट शाई विरघळवतं आणि अक्षरांना पाय फुटतात. १५ मिनिटांनी दुसरा हलका हात, पुन्हा १५ मिनिटांनी तिसरा थोडा ओला. मग २४ तास थांबा. कवच पुरेसं झालं का, हे एक नको असलेला छापील तुकडा पाण्यात टाकून पाहा. शाईचा मधला भाग पुसट झाला तर आणखी एक हात हवा. पण पाच-सहा हात चढवू नका. फिल्म कडक होते आणि वळणावर बसायला नकार देते.

कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या कामाला त्रासाचे. लॅकरमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ ओल्या लॅकरवर जमते. वाळल्यावर तिथे दुधाळ पांढरटपणा येतो. उघडीप असलेली दुपार निवडा, डबा आधी कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवा आणि हात पातळ द्या. पांढरटपणा आलाच तर कोरड्या हवेत वरून एक हलका हात मारला की बहुतेक वेळा तो जिरतो.

बॉडीची तयारी

डिकल चकचकीत पृष्ठभागावरच बसतं. मॅट रंग जवळून पाहिला तर खडबडीत असतो. फिल्म त्याच्या उंचवट्यांवर टेकते आणि खळग्यांमध्ये हवा अडकते. त्या हवेवरून परतणारा प्रकाश चंदेरी डागासारखा दिसतो, त्याला सिल्व्हरिंग म्हणतात. गाडी शेवटी मॅट करायची असली तरी डिकलपुरता ग्लॉस क्लिअर द्यावा आणि मॅट कोट सर्वांत शेवटी मारावा.

ॲक्रिलिक किंवा लॅकर रंग निदान दोन दिवस वाळू द्या, एनॅमलला आठवडा. धुळीचे कण राहिले असतील तर २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून अलगद घासा. मग भांड्याच्या साबणाच्या पाण्याने बॉडी धुऊन कोरडी करा. तयार डायकास्ट गाडीवरची कंपनीची छपाई काढायची असेल तर ॲसिटोन जपून वापरा. कापसाच्या काडीवर थोडंसं घेऊन, आधी गाडीच्या पोटाकडे चाचणी करून. छपाईबरोबर खालचा रंगही निघू शकतो, आणि प्लॅस्टिकच्या बॉडीला तर ॲसिटोन लावूच नये, ती वितळते.

बसवणं

लागणारं सामान थोडं आहे: नवं पातं लावलेला कटर, टोकदार पण बिनदात्यांचा चिमटा, मऊ चपटा ब्रश, कापसाच्या काड्या, टिश्यू पेपर, वाटीभर कोमट पाणी. पाणी क्षाराचं असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, तिथे डिस्टिल्ड वॉटर बरं. डिकलखाली लावायचा सेटर आणि वरून लावायचा सॉफ्टनर अशा दोन बाटल्या घ्याव्यात. मायक्रोस्केलच्या मायक्रो सेट आणि मायक्रो सोल, किंवा मिस्टर मार्क सेटर आणि सॉफ्टर. सेटर चिकटपणा वाढवतो. मायक्रो सेटमध्ये ॲसिटिक ॲसिड असतं, त्यामुळे अडीअडचणीला पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर चालतं. सॉफ्टनरचं काम वेगळं आहे. तो फिल्म विरघळण्याच्या बेतात आणतो, त्यामुळे ती खाचेत उतरते. त्याला व्हिनेगर हा पर्याय नाही.

पारदर्शक डिकल चित्राच्या कडेपासून अर्धा मिलिमीटर सोडून कापा, कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा आधी उचकटतो. चिमट्याने धरून १० ते १५ सेकंद पाण्यात बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. बोटाने हलकेच ढकलून पाहा. सरकत नसेल तर आणखी अर्धं मिनिट थांबा, जबरदस्ती केली की फिल्म दुमडते आणि दुमडलेली फिल्म सोडवताना बहुधा फाटते.

बॉडीवर जागेपुरतं सेटर लावा. कागदासकट डिकल त्या जागेशेजारी टेकवा आणि ओल्या ब्रशने फिल्म कागदावरून थेट गाडीवर सरकवा. उचलून ठेवायचं नाही. खाली ओल आहे तोवर ते इकडेतिकडे हलवता येतं, सुकू लागलं तर ब्रशने पाण्याचा थेंब सोडा. ओळ सरळ आहे का हे वरून न पाहता गाडी डोळ्याच्या रेषेत धरून पाहा आणि दाराच्या खालच्या कडेशी ताडून घ्या. जागा पक्की झाली की टिश्यूचं टोक काठाला लावून पाणी शोषून घ्या, मग ओलसर कापसाची काडी मध्यापासून बाहेर लाटण्यासारखी फिरवा. घासू नका.

दहा-पंधरा मिनिटांनी सॉफ्टनर लावा, पण घरी छापलेल्या डिकलवर आधी नको असलेल्या तुकड्यावर चाचणी करूनच. लॅकरचं कवच आणि सॉफ्टनर यांचं कधी जुळतं, कधी नाही. सॉफ्टनर लागला की मिनिटभरात डिकल सुरकुततं. ते पाहून घाबरायला होतं, पण त्या वेळी बोट किंवा ब्रश काहीही लावू नये. फिल्म लोण्यासारखी मऊ झालेली असते. तासाभरात ती आपोआप ताणून बसते. दाराच्या खाचेवरून डिकल गेलं असेल तर पूर्ण वाळल्यावर नव्या पात्याने खाचेतून चीर द्या आणि तिथे पुन्हा सॉफ्टनर लावा. चाकाच्या कमानीसारख्या दुहेरी वळणावर कोमट पाण्यात बुडवून पिळलेली कापसाची काडी दाबून धरली की फिल्म वळते.

वाळल्यावर चंदेरी डाग दिसला तर बारीक सुईने तिथे दोन-तीन टोचे मारून सॉफ्टनरचा थेंब सोडा. तो आत शिरतो, हवा बाहेर येते. काठ उचकटला असेल तर डिंक कमी पडला आहे. पाणी घालून पातळ केलेला पांढरा फेव्हिकॉल ब्रशच्या टोकाने आत सोडून दाबा आणि बाहेर आलेला लगेच पुसून घ्या.

शेवटचा क्लिअर

दुसऱ्या दिवशी ओलसर मऊ फडक्याने डिकलभोवतीचा डिंक पुसून काढा. राहिला तर क्लिअरखाली पिवळट डाग कायमचा अडकतो. आणखी २४ तासांनी क्लिअर मारायला घ्या. इथेही पहिले दोन हात धुक्यासारखे, मध्ये १५ मिनिटं. मग एक ओला हात. गाड्यांचं टू-के (दोन घटक मिसळून कडक होणारं) क्लिअर कठीण आणि काचेसारखं चमकतं, पण त्यात आयसोसायनेट असतं. ते साध्या कापडी मास्कने अडत नाही. योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर आणि वाहती हवा नसेल तर ते वापरू नये.

फिल्मची कड पूर्ण घालवायची असेल तर आठवडाभर थांबून २००० आणि मग ३००० च्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा आणि रबिंग कंपाउंडने चमक आणा. घासलेलं पाणी रंगीत दिसलं तर तिथेच थांबा, क्लिअर संपून डिकल लागलं आहे. टॅक्सीच्या बाबतीत आम्ही एवढ्या काचेसारख्या चमकेच्या विरुद्ध आहोत. रोज रस्त्यावर धावणारी गाडी शोरूममधल्यासारखी दिसली की मॉडेल खोटं वाटतं. तिच्यावर सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा, क्लिअर शोभतो.

काचेवर मात्र क्लिअर मारू नका. मॉडेलची काच म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक, लॅकरने ते धुरकट होतं. मागच्या काचेवरची अक्षरं शक्य तितक्या जवळून कापा, सॉफ्टनर न लावता फक्त पाण्यावर बसवा आणि काच बॉडीत बसवण्याआधीच हे काम उरका.

उरलेली पानं मेणकागदात गुंडाळून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये सपाट ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. दमट कपाटात डिंक आधीच ओला होतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. वर्षानुवर्षं पडून असलेलं डिकल वापरण्याआधी त्यातला एक बिनकामाचा तुकडा भिजवून पाहा. पाण्यात त्याचे तुकडे झाले तर अख्ख्या पानावर क्लिअरचा एक हलका हात मारून एक दिवस वाळवा आणि मगच प्रत्येक चित्र वेगळं कापा, कारण आता त्या सगळ्यावर मिळून एकच नवी फिल्म झालेली असते.